कुठेतरी पाणी मुरतंय

मिस्त्रीने हातोडीचा दांडा भिंतीवर ठोकला, कान लावला आणि मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे ताईंना काही कळलं नाही.

"ही भेग वाईट आहे का?" त्यांनी विचारलं.

"ही? छे. ही नुसती गिलाव्याची. हिला घाबरू नका."

"आणि ती, खिडकीखालची?"

मिस्त्रीने त्या भेगेत नख घालून पाहिलं. "ही पायातनं वर आलीय. पण जुनी आहे. थांबली असेल तर काही नाही."

"आणि थांबली नसेल तर?"

"तर मग आहे."

ताईंनी वहीत 'आहे' असं लिहिलं आणि खोडलं. इस्पितळात तीस वर्षं हेडनर्स. भल्याभल्या डॉक्टरांच्या तोंडून त्यांनी सरळ निदान वदवून घेतलं होतं, पण हा बाबा काही हाती लागत नव्हता. महिन्याअखेर निवृत्ती, म्हणजे क्वार्टर रिकामं करायचं. त्याच्या आत त्यांना आणि धाकट्याला डोक्यावर छप्पर हवं होतं. धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ, वय वर्षं बावन्न, शाळेत चित्रकला शिकवायचा. लग्न त्यांनीही केलं नव्हतं, त्यानेही. उरलेले दिवस दोघांनी एका घरात भांडत काढायचे, एवढंच ताईंचं मागणं होतं. त्याला मात्र घराबद्दल काहीही विचारलं की एकच उत्तर, 'तू म्हणशील तसं.'

"मिस्त्री, एका शब्दात सांगा. घ्यावं की न घ्यावं?"

"घेतलंत तर फसला नाहीत. नाही घेतलंत तर सुटलात."

ताईंच्या डोक्याचा पार भुगा झाला.

मिस्त्री गुडघे टेकून भिंतीच्या कडेला बसला. फरशीवर तळहात ठेवला, मग तो हुंगला. मागची खोली बघून धाकटा तेवढ्यात दारात येऊन उभा राहिला होता. मिस्त्री मान वर न करताच मोठ्याने म्हणाला, "कुठंतरी पाणी मुरतंय बरं का, ताई. वरवर पाहून कळायचं नाही. चार महिने तरी झाले असतील."

धाकटा पांढराफटक पडला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? आमचा जन्म गेला यात."

"ताई, मी सांगणारच होतो," धाकटा म्हणाला.

ताईंना वाटलं, घरमालकाने याला नळाबिळाचं काही सांगितलं असावं. "मग सांग ना. कुठून मुरतंय?"

"आम्ही नोंदणी केली. लग्नाची. चार महिने झाले."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मिस्त्री तोंड उघडं टाकून बघत राहिला. तो बिचारा मोरीच्या पाइपाबद्दल बोलत होता.

ताईंनी वही मिटली, पुन्हा उघडली. पानावर बावीस प्रश्न होते आणि त्यातला एकही आता उपयोगाचा नव्हता. राग म्हणावा तर राग नव्हता, आणि आनंद म्हणायला जीभ धजत नव्हती.

"म्हणजे हे घर मी माझ्या एकटीसाठी बघत होते?"

"नाही गं, तिघांसाठी. पण तू काय म्हणशील..."

"आणि ती? चार महिने ती कुठे आहे?"

"तिच्या खोलीवर."

"आणि तू रोज आठच्या ठोक्याला घरी जेवायला?"

"तुला सांगितल्याशिवाय एकत्र कसं राहायचं?" धाकटा म्हणाला. हे काय विचारणं झालं, असा त्याचा चेहरा होता.

याच्या कानाखाली एक द्यावी की याला जवळ घ्यावं, हे ताईंना ठरवता येईना. त्या होत्या तिथेच खाली बसल्या.

"ताई, तिथं ओल आहे," मिस्त्री घाईने म्हणाला. "कपडे खराब होतील."

ताई उठल्या नाहीत.

"नाव काय तिचं?" त्यांनी विचारलं.