गुरुवारची वेणी

"हात वर करा, हेमलताताई."

शिलाईच्या कारखान्यात दर गुरुवारी फिजिओथेरपीवाली मुलगी यायची. कापडाच्या ताग्यांमागे स्टूल मांडून, मशीनवर वाकून आखडलेल्या माना-खांदे मोकळे करायची. पहिल्या गुरुवारी ताईंचा हात डोक्यापर्यंतही पोचत नव्हता. खांदा चोळून झाल्यावर तिने त्यांचे विस्कटलेले केस पाहिले आणि न विचारताच वेणी घालून दिली. मग दर गुरुवारी घालू लागली. आई गेल्यापासून त्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

आज हात सरळ कानाला टेकला. ताईंनी तो घाईने खाली घेतला, पण मुलीने पाहिलं होतं.

"झालात की बऱ्या! पुढच्या गुरुवारपासून दुसऱ्या कुणाला बसवते."

ताई स्टुलावरून उठल्या नाहीत. मुलीची नजर त्यांच्या पाठीवर मोकळ्या सोडलेल्या केसांवर गेली. तेल ताजं होतं आणि केसांत वेणीची वळणं अजून तशीच होती. सकाळी स्वतःच घातलेली वेणी ताईंनी इथे येताना सोडली होती.

मुलीने कंगवा घेतला.

"सावकाश घाल गं," ताई म्हणाल्या.