मागची फळी

छत्तीस साली कृष्णेवर नवी मोटरलाँच आली आणि तिचं चाक माझ्या हाती आलं. पहिल्याच दिवशी जत्रेकरी दाटीवाटीनं बसले, पण मागची फळी मोकळीच.

“नावाड्याची जागा हाय ती,” त्यांच्यातल्या जयाबाई म्हणाल्या. “जुन्या नावंत भावकूअण्णा तिथंच बसून सुकाणू धरायचा. त्यो जाऊन वरीस झालं.”

“आता सुकाणू या चाकाला जोडलंय, मावशी!” मी हसलो. सगळेच हसले.

भर पात्रात चाकाची साखळी तुटली. चाक हातात नुसतंच गरगरलं. लाँच मात्र झोकात वळून घाटाला लागली. लोकांनी मलाच शाबासकी दिली.

पोचवणाऱ्या नावाड्याला विडा द्यायची रीत. मी हात पसरला.

जयाबाईंनी विडा मागच्या फळीकडं धरला.

त्यांचा हात परत आला तो रिकामा.