पाचांतली एक

“त्या पाच बायांची घरं आधी दाखवा,” साहेब म्हणाले. “तिथं हात जोडतो, मग विहिरीची जागा बघू.”



जीप तांड्याच्या तोंडाशी उभी होती. कळंबपासून दोन कोस, गाडीवाटेची धूळ खात विहिरी मंजूर करणारे साहेब स्वतः आले होते. धावजी नायकाच्या तांड्यानं याआधी मराठीत केलेले अर्ज कचेरीत कुठं गडप झाले, देव जाणे. यंदाचा अर्ज अमरसिंगनं इंग्रजीत केला, तर महिन्याच्या आत साहेब दारात. त्यांच्या हातात तोच कागद होता. एका ओळीखाली त्यांनी लाल पेन्सिलीची रेघ मारली होती.

ती ओळ पाच बायांची होती. पाणी काढताना तांड्यातल्या पाच बाया मेल्या, असं तिच्यात लिहिलं होतं. पाच मेल्याच नव्हत्या. मेली होती एक. ती अमरसिंगची बायको, जमनी.

तांड्याला विहीर नव्हती. उन्हाळा लागला की नाला आटायचा आणि बाया रेतीत झिरा खणून वाटीवाटीनं घागर भरायच्या. पाणी खाली जाईल तसा झिरा खोल व्हायचा, वैशाखात तर पुरुषभर. गेल्या वैशाखात जमनी आत उतरली आणि वरची कड तिच्यावर ढासळली. अमरसिंग हातांनी रेती उपसत राहिला. ती हाती लागली तेव्हा तिच्या मुठीत वाटी तशीच होती.

तांड्यात मॅट्रिक झालेला तो एकटाच. यवतमाळला त्याचे इंग्रजीचे मास्तर सांगायचे, की अर्ज असा लिहा की साहेबाच्या काळजाला हात लागला पाहिजे. एकच शब्द तीन वाक्यांच्या तोंडी आणा. सांगू नका, विचारा. उत्तर त्याच्याच तोंडून येऊ द्या. आणि दुःख लहान दिसत असेल तर बेलाशक मोठं करा. इंग्रजीत तो अलंकार आहे, त्याला कोणी खोटं म्हणत नाही. अमरसिंगनं मास्तरांचा शब्द खाली पडू दिला नाही. पाणी नाही म्हणून आमची शेतं गेली. पाणी नाही म्हणून आमची गुरं गेली. पाणी नाही म्हणून आमच्या आयाबहिणी रेतीखाली गेल्या. आणखी किती गेल्या म्हणजे साहेबांना आमची आठवण येईल?

वाक्यं कशी घोड्यासारखी दौडत होती. जमनीचं एकटीचं वाक्य मात्र मध्येच लंगडं पडलं. तांड्यातली एक बाई मेली, त्याचं साहेबाला काय? त्यानं एकाच्या जागी पाच केलं. करताना त्याला रडू आलं, पण केलं.

अर्ज पाठवण्याआधी त्यानं तो नायकाला समजावून सांगितला होता. पाचचा आकडा ऐकून धावजी गालात हसला होता.

आणि आता साहेब वाट बघत होते. माणूस चांगला होता. टोपी काढून त्यांनी हातात धरली होती. अमरसिंगच्या आईनं, लालीबाईनं, दिलेलं गढूळ पाणी त्यांनी तोंड वाकडं न करता पिऊन टाकलं होतं.  तांड्यातल्या देवसिंगची बायको मागं तापानं गेली होती, तिचं घर दाखवावं का, असं पापही अमरसिंगच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात धावजी नायक पुढं झाला. साहेब गढूळ पाणी पितो म्हणजे आपल्यातलाच, असं त्या भल्या म्हाताऱ्याला वाटलं असावं.

“पाच नाई जी, एकच,” तो म्हणाला. “आमच्या पंचायतीत बोलणारा वाढवूनच बोलते, आन् ऐकणारा त्यातलं कापून घेते. रीतच हाय ते. तुमी बी कापून घ्या, साहेब.”

साहेबांनी अमरसिंगकडं पाहिलं.

“एकच मेली, साहेब,” अमरसिंग म्हणाला. आता त्याच्याजवळ एकही अलंकार उरला नव्हता. “पण मेली. माझी बायको होती. चला, जागा दाखवतो. तांड्यात कोणालेही विचारा.”

“पाच मेल्या का म्हणून विचारलं असतं, तर तांड्यानं नाही म्हटलं असतं?” साहेबांनी विचारलं.



साहेबांनी टोपी घातली. ते रागावले असते तर अमरसिंगनं त्यांचे पाय धरले असते. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, एखाद्या फसलेल्या माणसाची शरम होती.

“सालाला विहिरी थोड्याच मिळतात रे,” ते म्हणाले. “तुझा अर्ज वाचून माझी बायको त्या दिवशी जेवली नाही. बाभुळगावकडच्या एका गावाची विहीर मागं सारून मी तुमची पुढं घेतली. आता त्यांची त्यांना देतो.”

साहेब जीपमध्ये जाऊन बसले. अमरसिंग त्यांच्यामागं धावला. त्यानं दाराची कड धरली. तो इंग्रजीत बोलला, मराठीत बोलला, शेवटी तांड्याच्या गोरबोलीत बोलला. जमनी मेली, साहेब. खरंच मेली. जमनी मेली.

साहेबांनी त्याची बोटं हळूच, एकेक करून, दारावरून सोडवली.

“तू फार चांगलं लिहितोस, पोरा,” ते म्हणाले. “म्हणून तर आता ती मेली, हे मला खरं वाटत नाही.”