उजवीकडची खुर्ची

दिवसभराच्या नदीफेरीला ती एकटीच आली होती आणि उजव्या कठड्याजवळचीच खुर्ची हवी म्हणून हटून बसली होती. बोट रमतगमत चालली होती. डावीकडे बगळ्यांचा थवा उतरला, तशी सगळी माणसं तिकडे धावली. ही मात्र ढिम्म. जागा जाईल म्हणून चहालाही उठली नाही. बसल्या बसल्या तेवढा केसांवरून कंगवा फिरवला.

वळणावर एक पिवळं घर आलं. गॅलरीतले आजोबा बोट दिसताच उठले आणि तोंडभर हसत हात हलवू लागले. ती ताडकन उभी राहिली. घर झाडांआड जाईपर्यंत तिचा हलणारा हात खाली आला नाही.

"येईल त्या बोटीला हात करतात ते, काकू," बोटवाला हसत म्हणाला. "डोक्यावर परिणाम झालाय म्हणे."

"माहीत आहे. सकाळी नणंदेला त्यांच्याजवळ बसवून आलेय." ती अजून मागेच बघत होती. "घरात स्वतःच्या बायकोलाच विचारतात, बाई, तुम्ही कोण?"

बोटवाल्यानेही मागे वळून पाहिलं.

"परतताना घर डावीकडे येईल ना?" तिने विचारलं. "तिकडची खुर्ची धरून ठेवा हं माझ्यासाठी."