दीड तास

"पहिल्या वेळी ऑपरेशन का केलं नाही?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

त्यांच्यासमोर अहल्याचं जुनं डिस्चार्ज कार्ड उघडं होतं. तिला आठवा महिना सरत आला होता. शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा वासुदेव, आणि मागच्या बाकावर सासू अनुसूयाबाई, मांडीवर साडेतीन वर्षांच्या कस्तुरीला घेऊन. डॉक्टरबाई कन्नडमधून बोलत होत्या. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात काढलेल्या या घराला ती भाषा घरच्या मराठीइतकीच सवयीची होती.

"कार्डावर एवढंच लिहिलंय की चिमटे लावून बाळ काढलं. सव्वीस तास कळा, पावणेचार किलोचं मूल. ऑपरेशन कुणीतरी सुचवलं असणारच."

"सुचवलं होतं," अहल्या म्हणाली. "मंगळवारी दुपारी तीनला. सही झाली साडेचारला. तोवर डोकं फार खाली आलं होतं, मग ओढूनच काढावं लागलं. त्यात कस्तुरीच्या हाताची शीर ताणली गेली."

कस्तुरी उजव्या हातानं बिस्किट खात होती. डावा हात आजीनं जिथं ठेवला होता तिथंच होता.

"सहीला दीड तास?"

अहल्या मागं वळली नाही, पण तिची पाठ ताठ झाली. वासुदेव टेबलाच्या काचेखाली लावलेले बाळांचे फोटो बघत राहिला.

"राहुकाळ होता," मागून अनुसूयाबाई म्हणाल्या. "यानं फोन करून विचारलं. मीच म्हटलं, संपेपर्यंत थांब."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "अम्मा, तुम्ही मुलीला घेऊन बाहेर बसा. आणि बाळंतपणाच्या दिवशी इथं येऊ नका. राग मानू नका, पण पुन्हा तसं झालेलं मला चालणार नाही."

"सरी," अनुसूयाबाई कन्नडमधूनच 'बरं' म्हणाल्या. त्यांनी कस्तुरीला कडेवर घेतलं आणि त्या दाराकडे निघाल्या.

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात वासुदेवच्या हाताखाली चाळीस माणसं होती. त्यांच्यासमोर बोलताना त्याचा आवाज कधी अडला नव्हता. घरात मात्र साडेतीन वर्षं तो रोज ऐकत होता, अहल्या सासूशी कशी बोलते ते. पान वाढलंय. दूध आलंय. त्यापुढे एक शब्द नाही. ऐकायचा आणि पेपर उघडायचा.

"आई, जाऊ नको," तो म्हणाला. मग डॉक्टरबाईंकडे न बघता म्हणाला, "तिला मी फोन केलाच नव्हता."

अनुसूयाबाई दाराच्या कडीवर हात ठेवून थांबल्या.

"बूथवर गेलो होतो. रिसीव्हर उचलला. आमच्या शेजारच्या दुकानात फोन आहे, त्यांनी तिला बोलावलं असतं. पण नंबर फिरवला नाही. ती म्हणाली असती, आधी सही कर. ते मला माहीत होतं. भीती मलाच वाटत होती. राहुकाळात पोटाला सुरी लागली आणि काही वाईट झालं, तर सही माझी. म्हणून साडेचारपर्यंत बूथच्या बाहेर उभा राहिलो. नंतर मुलीच्या हाताचं कळलं, तेव्हा आईचं नाव सांगितलं."

अहल्यानं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती कार्डावरची तारीख वाचत असल्यासारखी बसून राहिली.

डॉक्टरबाईंनी फाइलीत काहीतरी लिहिलं. "या वेळी कळांची वाट बघायची नाही. सतरा तारखेला सकाळी दाखल व्हा. सोबतीला एक बाईमाणूस लागेल. कोण राहणार?"

"हिची आई म्हैसूरहून येणार आहे," वासुदेव म्हणाला.

खुर्चीच्या पाठीचा आधार घेत अहल्या सावकाश मागं वळली.

"आत्या राहतील," ती म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची. मग सासूकडे बघून मराठीत विचारलं, "राहाल ना?"

अनुसूयाबाईंनी नुसती मान हलवली.

अहल्या रक्त तपासायला आत गेली तेव्हा बाहेरच्या बाकावर मायलेक उरले. कस्तुरी आजीच्या खांद्यावर झोपली होती.

"तू का नाही बोललीस कधी?" वासुदेवनं विचारलं.

"तू बोलशील असं वाटायचं. पहिलं वर्षभर रोज वाट बघायची मी," अनुसूयाबाई म्हणाल्या. "नंतर सवय झाली."



रस्त्यावर येऊन त्यानं ऑटो थांबवली, चिकपेट सांगितलं. अहल्या दांडा धरून आत चढली. तिच्या शेजारी अनुसूयाबाई बसल्या, झोपलेल्या मुलीला मांडीवर घेऊन. सीटवर अजून एका माणसाची जागा होती. वासुदेव ऑटोच्या टपावर हात ठेवून उभा राहिला. अहल्या समोर बघत होती. अनुसूयाबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे.

"मी मागून बसनं येतो," तो म्हणाला.

'ये, आत बस' असं कुणी म्हणालं नाही. ऑटो निघाली आणि पुढच्या सिग्नलला अडकली. मागच्या छोट्या खिडकीतून दोघींची डोकी दिसत होती. अहल्या सासूकडे वळून काहीतरी सांगत होती. खूप सांगत होती, थांबत नव्हती. अनुसूयाबाई मान हलवत होत्या.

काय सांगत होती, ते त्याला ऐकू येत नव्हतं.