तांब्याची कढई

हमाल आणि बूटपॉलिशवाले साहेबांच्या फुटबॉल लीगला चालेनात, म्हणून ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरातल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांनी स्वतःची स्पर्धा भरवली. हंगाम रंगला, अंतिम सामना आला, पण चषकच नव्हता. तेव्हा कर्णधार बेल्मिरोच्या आईने, दोरालिनाने, पेरूचा मुरंबा शिजवायची आपली तांब्याची कढई घासूनपुसून मैदानावर मांडली. “आई, लोक हसतील!” “हसू देत. तू जिंकून आण म्हणजे झालं.” बेल्मिरोचा संघ हरला. दोरालिनाचं घर त्या कढईतला मुरंबा विकून चालायचं. जिंकलेला कर्णधार ओशाळून म्हणाला, “मावशी, राहू दे. तुझ्या पोटावर पाय कसा देऊ?” ती उसळली. “भीक घालतोस होय रे? हा आमचा चषक आहे! जिंकलास ना, मग डोक्यावर घे आणि मिरव!” मिरवणूक साहेबांच्या क्लबसमोर पोचली, तेव्हा जिंकलेल्या कर्णधाराच्या डोक्यावरची कढई दोरालिनाच पळीने बडवत होती.