कितवी पिढी?

शाळेच्या प्रदर्शनात इलिंकानं व्हिडिओ गेमच्या यंत्रांचा पिढ्यांप्रमाणे मोठ्ठा तक्ता लावला होता आणि सकाळपासून ती येईल त्याच्याशी वाद घालून जिंकत होती. "यंत्राची पिढी ठरते ते जगात कधी आलं यावरून, आपल्या गलात्स शहरात कधी पोचलं यावरून नाही," हे वाक्य तर तिच्या जिभेवरच बसलं होतं.

दुपारी आन्गेल आजोबा टाय लावून आले. त्यांनीच प्रदर्शनासाठी हौसेनं दिलेलं यंत्र तक्त्यापुढे तिसऱ्या पिढीच्या रांगेत मांडलेलं बघून ते त्यावर हात ठेवून हसले.

"चुकलीस की गं पोरी. मी हे पंच्याण्णव साली घेतलं, तुझ्या बापासाठी. आख्ख्या गोदीत कुणाच्या पोराकडे याहून नवं नव्हतं."

"आजोबा, तेव्हा बाहेर पाचवी पिढी आली होती. ही तर बारा वर्षं जुन्या यंत्राची नक्कल आहे. तुम्हाला चक्क गंडवलं."

आजूबाजूची पोरं हसली. आजोबांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, यंत्रावरचा हात काढून घेतला, "असं होय," म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

संध्याकाळी इलिंकानं हा किस्सा बाबांना अगदी रंगवून सांगितला. चोर्ब्याचं आंबट सूप ढवळणारा त्यांचा हात थांबला.

"मला ते त्याच आठवड्यात शाळेत कळलं होतं," बाबा म्हणाले. "तीस वर्षं मी त्यांना कळू दिलं नव्हतं."